किडनी ट्रान्सप्लांट झालं, आता पुढे? ‘बरं वाटतंय’ यावर विसंबू नका

ट्रान्सप्लांटनंतर सगळ्यात जपायचा काळ कुठला असं विचारलं की बहुतेक लोक पहिले दोन-तीन महिने सांगतात. इन्फेक्शनचा विचार केला तर ते खरंच आहे. पण त्या काळात घरातले सगळे तुमच्याकडे डोळे लावून बसलेले असतात, दर थोड्या दिवसांनी रक्त तपासलं जातं, गोळी पाच मिनिटं उशिरा झाली तरी कोणीतरी ओरडतं. खरी ढिलाई सुरू होते ती नंतर, जेव्हा माणूस कामावर परत जातो, भूक लागते, झोप लागते, चेहऱ्यावर तजेला येतो, डायलिसिसचे दिवस आठवेनासे होतात आणि मग मनात येतं की एवढं छान चाललंय तर एखादी गोळी राहिली तर काय बिघडणार आहे. बिघडतं. आणि बिघडतंय हे तुम्हाला जाणवतही नाही, हाच या आजाराचा सगळ्यात वाईट भाग आहे, म्हणून हा लेख.

आधी पोटात नेमकं काय केलंय ते बघू, कारण खूप जणांना हे शेवटपर्यंत नीट माहीत नसतं. जुन्या किडन्या साधारणपणे काढत नाहीत, त्या जागच्या जागी राहतात (खूप मोठ्या झालेल्या असतील, सतत इन्फेक्शन होत असेल तर गोष्ट वेगळी). नवी किडनी मागे पाठीकडे न लावता पुढे, ओटीपोटात एका बाजूला, कमरेच्या हाडाच्या खोबणीत बसवतात, पायाकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्यांना तिच्या रक्तवाहिन्या जोडतात आणि तिची लघवीची नळी मूत्राशयाला जोडतात. त्या जोडात बहुतेक वेळा एक बारीक प्लास्टिकची नळी ठेवतात, तिला स्टेंट म्हणतात, आणि ती काही आठवड्यांनी काढावी लागते. ती काढायची तारीख लिहून ठेवा. आत विसरलेला स्टेंट म्हणजे इन्फेक्शन आणि खड्यांना आमंत्रण. आणि किडनी कातडीच्या बऱ्याच जवळ असते म्हणून कुस्ती, बॉक्सिंग, कराटे असले पोटावर मार बसणारे खेळ नकोत.

आता गोळ्या. जन्मभर का?

२३ डिसेंबर १९५४ ला बोस्टनमध्ये डॉ. जोसेफ मरे यांच्या टीमने रोनाल्ड हेरिकची किडनी त्याचा भाऊ रिचर्डला बसवली, आणि दीर्घकाळ चाललेलं हे जगातलं पहिलं यशस्वी किडनी ट्रान्सप्लांट. ते यशस्वी झालं कारण दोघं एकसारखे जुळे होते, रिचर्डच्या शरीराला ती किडनी परकी वाटलीच नाही, त्यामुळे आज आपण घेतो तसल्या गोळ्या नसतानाही तो पुढे आठ वर्षं जगला. बाकी कुणाचीही किडनी, मग ती सख्ख्या आईची असो नाहीतर बायकोची, शरीर ओळखतं की ही आपली नाही. आणि ही ओळख शरीर विसरत नाही. दहा वर्षांनीही नाही. ‘आता शरीराने किडनी स्वीकारली असेल, आता गोळ्या कमी केल्या तर चालतील’ हा समज इतका पसरलाय की काय सांगू, पण शरीर स्वीकारत वगैरे काही नाही, गोळ्या त्याला रोज अडवून धरतात म्हणून ते गप्प असतं. डोस कालांतराने कमी होतात हे खरं, पण ते डॉक्टर रिपोर्ट बघून करतात, आपण नाही.

रोगप्रतिकारशक्तीला पहारेकरी समजा. त्याला ठार झोपवला तर कुठलाही जंतू घरात शिरेल, पूर्ण जागा ठेवला तर तो नव्या किडनीलाच चोर समजून झोडपेल. म्हणून त्याला कायम पेंगुळलेला ठेवायचा. ट्रान्सप्लांटनंतरची जवळजवळ सगळी पथ्यं, तपासण्या, कटकटी या एकाच गोष्टीतून निघतात, हे डोक्यात बसलं की बाकीचं पाठ करावं लागत नाही.

बहुतेकांना तीन औषधं असतात: टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन म्हणजे स्टेरॉइड. काहींना टॅक्रोलिमसऐवजी सायक्लोस्पोरिन असतं, काहींना मायकोफेनोलेटऐवजी अझाथायोप्रिन. जाता जाता सांगतो, सायक्लोस्पोरिन हे मातीतल्या एका बुरशीत सापडलं आणि टॅक्रोलिमस जपानमध्ये मातीतल्या जंतूत, ८० च्या दशकात सायक्लोस्पोरिन आलं आणि ट्रान्सप्लांटचं चित्रच बदललं.

यातलं सगळ्यात नाजूक प्रकरण म्हणजे टॅक्रोलिमस. रक्तात थोडं कमी पडलं तर रिजेक्शन, म्हणजे शरीर नव्या किडनीवर हल्ला करतं, थोडं जास्त झालं तर हात थरथरतात, पोटॅशियम वाढतं, शुगर वाढते आणि गंमत म्हणजे ज्या किडनीला वाचवायला हे औषध घेतोय त्याच किडनीला ते त्रास देतं. म्हणून वरचेवर लेव्हल, म्हणजे रक्तातलं औषधाचं प्रमाण, तपासतात. सुरुवातीच्या महिन्यांत साधारण ८ ते १२ (रिपोर्टमध्ये ng/mL) आणि पुढे ५ ते ८ च्या आसपास ठेवतात, पण प्रत्येक सेंटरचे आणि प्रत्येक पेशंटचे आकडे वेगळे असतात त्यामुळे दुसऱ्याच्या आकड्याशी तुलना करत बसू नका.

ही तपासणी कशी करायची यात भरपूर लोक चुकतात. समजा तुम्ही रात्री नऊला गोळी घेता, तर सकाळी नऊच्या आधी, म्हणजे साधारण बारा तास होत आले असताना, सकाळची गोळी न घेता रक्त द्यायचं. गोळी खिशात ठेवायची, रक्त दिलं की लगेच तिथेच घ्यायची. आता होतं काय, सवयीने माणूस उठल्या उठल्या गोळी घेतो, मग लॅबमध्ये जातो, रिपोर्टमध्ये लेव्हल येते १९ किंवा २२, घरात हलकल्लोळ, आणि हे जर कोणी डॉक्टरला सांगितलं नाही की गोळी आधी घेतली होती तर डोस कमी केला जाऊ शकतो, ज्याची काही गरजच नव्हती. आणि मग खरी लेव्हल खाली जाते. तेव्हा चुकून घेतली असेल तर सरळ सांगा, दुसऱ्या दिवशी परत रक्त देता येतं. स्टेरॉइड किंवा बीपीची गोळी आधी घेतली तर लेव्हलवर सहसा फरक पडत नाही, पण त्या दिवशी काय घ्यायचं काय नाही ते एकदा विचारून ठेवलेलं बरं.

अजून एक, टॅक्रोलिमसचा ब्रँड स्वतःच्या मनाने बदलू नका. दुकानदार म्हणेल सेम आहे, आत औषध तेच आहे हेही खरं, पण शरीरात शोषलं जाण्यात थोडा फरक पडू शकतो आणि इथे थोड्या फरकालाही किंमत आहे. बदलावाच लागला तर डॉक्टरला सांगून बदला आणि नंतर लेव्हल करा. दिवसातून दोनदा घ्यायची साधी आणि दिवसातून एकदा घ्यायची लांबवर चालणारी, या दोन गोळ्या तर अजिबातच एकमेकींच्या जागी चालत नाहीत. पाकिटावरचं पूर्ण नाव वाचायची सवय लावा.

गोळी विसरली तर? लवकर आठवलं तर घ्या, पुढच्या डोसची वेळ जवळ आली असेल तर दुप्पट घेऊ नका, ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटरला फोन करा. उलटी झाली आणि गोळी बाहेर पडली की नाही कळत नसेल तरी फोनच. मोबाईलवर दोन अलार्म लावा, एक गोळीचा आणि एक पंधरा मिनिटांनी ‘घेतली का’ विचारणारा, कारण पहिला अलार्म बंद करून आपण परत बोलण्यात गुंततो. प्रवासात गोळ्या हातातल्या बॅगेत, सामानात टाकलेल्या बॅगेत कधीच नाही, आणि लागतात त्यापेक्षा थोड्या जास्त. संपत आल्यावर नाही, संपायच्या आधी दोन आठवडे नवीन आणायच्या. वयात येणारी मुलं आणि विशीतले तरुण यांच्यात गोळ्या चुकवण्याचं आणि त्यातून किडनी जाण्याचं प्रमाण जास्त दिसतं, तेव्हा घरात असा कोणी असेल तर ओरडण्यापेक्षा त्याला स्वतःचे रिपोर्ट स्वतः वाचायला शिकवा.

आता मूळ मुद्द्यावर येतो. किडनी दुखत नाही. रिजेक्शन म्हटलं की लोकांना वाटतं पोटात कळ येईल, ताप येईल, लघवी बंद होईल. कधी कधी असं होतंही, लघवी कमी होते, पाय सुजतात, वजन दोन दिवसांत दोन किलो वाढतं, किडनीच्या जागी दुखतं, बीपी चढतं. पण आताच्या औषधांमुळे बहुतेक वेळा यातलं काहीच होत नाही, फक्त रिपोर्टमधलं क्रिएटिनिन (रक्तातला कचरा, जो किडनी गाळून बाहेर टाकते) वर सरकतं. समजा तुमचं क्रिएटिनिन नेहमी १.१ असतं. या महिन्यात १.२ आलं, ठीक, पाणी कमी प्यायलात असाल. पुढच्या वेळी १.३. त्याच्या पुढे १.५. लॅबच्या कागदावर १.३ शेजारी ‘नॉर्मल’ लिहिलेलं असतं आणि माणूस निवांत होतो, पण तुमच्यासाठी नॉर्मल म्हणजे लॅबने छापलेली रेंज नाही, तुमचा स्वतःचा नेहमीचा आकडा. दुसऱ्या कुणाचं कायम १.६ असतं आणि तो मजेत असतो. म्हणून एका वहीत तारीख, क्रिएटिनिन, टॅक्रो लेव्हल, बीपी, वजन असे रकाने करा आणि आकडा कुठे चाललाय ते बघा. आकडा चढला की आधी पाणी, औषधांची लेव्हल, लघवीतलं इन्फेक्शन, सोनोग्राफी हे सगळं बघतात आणि तरी कळलं नाही तर बायोप्सी, म्हणजे सुईने किडनीचा इवलासा तुकडा काढून तपासणं. बायोप्सीला लोक फार घाबरतात आणि पुढे ढकलतात. अहो, पण रिजेक्शन लवकर पकडलं तर बऱ्याचदा औषधांनी आटोक्यात येतं, उशीर झाला तर किडनीत व्रण पडतात आणि ते भरून निघत नाहीत. लघवीतलं प्रोटीनही अधूनमधून तपासावं लागतं, कारण ज्या मूळ आजाराने आधीच्या किडन्या गेल्या त्यातले काही आजार नव्या किडनीतही परत येऊ शकतात.

इन्फेक्शनचं गणित काळाप्रमाणे बदलतं. पहिल्या महिन्यात जखम, लघवी, छाती यांची नेहमीची इन्फेक्शन. एक ते सहा महिने हा खरा जोखमीचा टप्पा, कारण औषधांचा मारा जास्त असतो आणि एरवी माणसाला काही न करणारे जंतू डोकं वर काढतात. सीएमव्ही नावाचा विषाणू, न्यूमोसिस्टिसचा न्यूमोनिया, आणि बीके व्हायरस जो थेट किडनीतच बसतो. यातल्या पहिल्या दोघांसाठी काही महिने व्हॅलगॅनसायक्लोव्हिर आणि कोट्रायमॉक्साझोल या गोळ्या देतात, ‘या अँटिबायोटिकची काय गरज, मला तर काहीच झालेलं नाही’ म्हणून त्या बंद करू नका, काही होऊ नये म्हणूनच त्या आहेत. बीकेवर खास असं औषध नाही, तिथे उलट प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्यांचे डोस कमी करावे लागतात, म्हणून रक्तात तो वेळेवर सापडणं महत्त्वाचं.

ताप ३८ सेल्सिअस म्हणजे १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला तर सकाळची वाट बघू नका, तेव्हाच फोन करा. स्टेरॉइडमुळे ताप दबूनही राहतो, त्यामुळे ताप कमी आहे पण अंगात त्राण नाही, खोकला जात नाही, दम लागतोय तरीही. आणि जुलाब! जुलाब हा साधा प्रकार वाटतो पण त्यात दोन गोष्टी एकदम होतात, शरीरातलं पाणी कमी होऊन क्रिएटिनिन चढतं आणि टॅक्रोलिमस आतड्यातून जास्त शोषलं जाऊन त्याची लेव्हल वर जाते. जुलाब मायकोफेनोलेटमुळेही होतात. तेव्हा एक दिवसापेक्षा जास्त चालले तर कळवा, पण गोळी स्वतः बंद करू नका.

लसींबद्दल गोंधळ असतो म्हणून सरळ सांगतो. जिवंत जंतूंच्या लसी नकोत: गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, यलो फीव्हर, नाकात मारायची फ्लूची, तोंडातून द्यायची पोलिओची. फ्लूचं दरवर्षीचं इंजेक्शन, न्यूमोनियाची लस, हिपॅटायटिस बी या मात्र घ्यायच्या, फक्त कधी ते विचारून. घरच्यांनीही फ्लूची लस घ्यावी, त्याचा फायदा तुम्हालाच आहे. बाकी हात धुणं, आजारी माणसापासून लांब राहणं, बागकाम करताना हातमोजे आणि मास्क (मातीत बुरशी असते), मांजराची घाण दुसऱ्याने साफ करणं. एवढं केलं तर घरात कोंडून घ्यायची गरज नाही. माणसात जा, फिरा.

दुसरी औषधं हा मला स्वतःला सगळ्यात धोक्याचा विषय वाटतो. गुडघा दुखतो म्हणून कोणीतरी डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेनची गोळी देतं आणि एका किडनीवर चाललेल्या, वर टॅक्रोलिमस घेणाऱ्या माणसाला ती चांगलीच महागात पडू शकते. दुखण्याला पॅरासिटामॉल, तेही सांगितलेल्या प्रमाणात. क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन, फ्लुकोनॅझोल यांनी टॅक्रोची लेव्हल वर उडते. टीबीचं रिफॅम्पिसिन, फिट्सच्या फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन यांनी ती धाडकन खाली येते. अझाथायोप्रिन चालू असताना युरिक ॲसिडसाठी ॲलोप्युरिनॉल घेतलं तर रक्तपेशी धोकादायक पातळीपर्यंत कमी होऊ शकतात. हे सगळं पाठ करायची गरज नाही, एकच वाक्य पाठ करा: ‘माझं किडनी ट्रान्सप्लांट झालंय, हे औषध चालेल का ते माझ्या नेफ्रोलॉजिस्टला (किडनीच्या डॉक्टरला) विचारून घेतो.’ दातांच्या डॉक्टरलाही हेच. जडीबुटी, पावडरी, ‘इम्युनिटी बूस्टर’ यांच्यापासून चार हात लांब राहा, जी इम्युनिटी दाबायला आपण मुठीने गोळ्या खातोय तिलाच बूस्ट करायचं, हे म्हणजे कमालच आहे.

खाण्याचं थोडक्यात. डायलिसिसवर असतानाची बरीच बंधनं सुटतात आणि तिथेच घोळ होतो, कारण स्टेरॉइडने भूक वाढलेली असते, जीभ सुटते आणि वजन बघता बघता चढतं. कच्चं किंवा अर्धवट शिजलेलं मांस-अंडी, न तापवलेलं दूध, कच्ची मोड आलेली कडधान्यं, उघड्यावर कापून ठेवलेली फळं टाळा. ग्रेपफ्रूट आणि पपनस पूर्ण बंद, रस सुद्धा, ते टॅक्रोची लेव्हल वाढवतात. मीठ कमी. पोटॅशियमचं बंधन सगळ्यांना नसतं, रिपोर्टवर ठरतं. पाणी बहुतेकांना दोन-तीन लिटर सांगतात, पण हार्टचा त्रास असेल तर आकडा वेगळा.

आणि हार्टचा विषय निघालाच आहे तर, किडनी चांगली चालत असताना पेशंट दगावतो त्याच्या मोठ्या कारणांत हृदयविकार आहे. लोक क्रिएटिनिनकडे डोळे लावून बसतात आणि बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल, सिगरेट याकडे दुर्लक्ष करतात. बीपी १३० / ८० च्या खाली असावं असं साधारण धरतात, घरी मशीन ठेवा, हाताला फिस्टुला (डायलिसिससाठी शीर आणि धमनी जोडून केलेली जागा) असेल तर त्या हाताला पट्टा बांधू नका. आधी डायबेटिस नव्हता अशांनाही स्टेरॉइड आणि टॅक्रोमुळे नव्याने होतो, तेव्हा शुगर तपासत राहा. कॅन्सरची जोखीमही वाढते, विशेषतः त्वचेच्या. उन्हात टोपी, पूर्ण बाह्या, सनस्क्रीन, आणि न भरणारी जखम किंवा बदलणारा तीळ दिसला की दाखवा. बायकांनी गर्भाशयमुखाची तपासणी टाळू नये.

कामावर किती दिवसांनी? बैठं काम असेल तर साधारण दोन-तीन महिन्यांत बरेच जण जातात, जड उचलणं पहिले सहा-आठ आठवडे अजिबात नाही. चालणं मात्र पहिल्या आठवड्यापासून. १९७८ पासून वर्ल्ड ट्रान्सप्लांट गेम्स होतात, पोर्ट्समथला सुरुवात झाली होती, तिथे ट्रान्सप्लांट झालेली माणसं धावतात, पोहतात, तेव्हा ‘आता मी नाजूक झालो’ असं मनात धरू नका.

मूल हवं असेल तर निदान एक वर्ष थांबा, किडनी स्थिर हवी. मायकोफेनोलेटने गर्भात व्यंग येऊ शकतं, ते किमान सहा आठवडे आधी बंद करून दुसरं औषध सुरू करावं लागतं, म्हणजे हे ठरवून करायचं काम आहे. ट्रान्सप्लांटनंतर पाळी फार लवकर सुरळीत होऊ शकते आणि अनेक जणी बेसावध राहतात, तेव्हा गर्भनिरोधनाचं बोलणं डिस्चार्जच्या आधीच व्हायला हवं. डॉक्टर नाही काढलं तर तुम्ही काढा.

मनाचं पण बोललं पाहिजे. स्टेरॉइडने चिडचिड होते, झोप उडते, चेहरा गोल होतो, टॅक्रोने केस गळतात, आरशात बघवत नाही. काहींना डोनरबद्दल अपराधी वाटतं, दर रिपोर्टच्या आदल्या रात्री झोप येत नाही. हे सगळं होतं आणि त्यावर मदत मिळते, फक्त केस गळतात म्हणून गुपचूप गोळी कमी करू नका, बोला, पर्याय असतात. आणि डोनर घरातलाच असेल तर त्याचीही वर्षातून एकदा तपासणी करून घ्या, बीपी, क्रिएटिनिन, लघवीतलं प्रोटीन. सगळं लक्ष पेशंटकडे असतं आणि ज्याने दिली तो कुणाच्या लक्षातच राहत नाही. हेरिक भावांमधला किडनी देणारा रोनाल्ड पुढे ५६ वर्षं जगला.

नवी किडनी किती टिकते हे सगळे विचारतात. जिवंत डोनरची सरासरी १५ ते २० वर्षं आणि मृत डोनरची १० ते १५ असं साधारण सांगतात, पण सरासरी म्हणजे काहींची तीस वर्षं चालते आणि काहींची लवकर थकते. थकली तरी रस्ता संपत नाही, परत डायलिसिस करता येतं, दुसरं ट्रान्सप्लांटही होतं, आणि त्याची तयारी क्रिएटिनिन खूप चढायच्या आधीच सुरू करायची असते. म्हणूनच हाताचा फिस्टुला चालू असेल आणि त्रास देत नसेल तर बहुतेक डॉक्टर तो तसाच राहू देतात. तो हाताला थरथरताना जाणवणं बंद झालं तर पुढच्या व्हिजिटला सांगा, आणि हात दुखत असेल, सुजला असेल तर त्याच दिवशी.